'माझं काही नाही, पण बाकीचे…' : भाड्याच्या एका फ्लॅटचं प्रकरण

मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी आहे. दोन विंग, ४८ फ्लॅट, जवळजवळ सगळे मराठी. बँकेतून, मंत्रालयातून, महापालिकेतून निवृत्त झालेली माणसं आणि आयटीत जाणारी त्यांची मुलं-सुना. चार वर्षं मी इथे मानद सचिव होते. पाण्याच्या टाकीपासून लिफ्टच्या कंत्राटापर्यंत सगळ्यांच्या शिव्या खायचं हे पद, मानधन शून्य. पुढचं प्रकरण त्याच काळातलं. मी ते लांबून पाहिलेलं नाही. त्यातलं एक पत्र माझ्याच सहीनं गेलं आहे. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना मजकूर आधी वाचायला दिला. त्यांनी एक वाक्य काढायला सांगितलं, ते काढलं. नावं कोणाचीच देत नाही.

२०२४ चा मे महिना. बी विंगमधला तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके रिकामा होता, मालक पुण्यात. त्यांचा फोन आला: भाडेकरू मिळालेत, माणसं चांगली आहेत, करार रजिस्टर करतोय, तुम्ही फक्त कमिटीत एकदा विषय घालून घ्या. बाई अनुदानित शाळेत मराठीच्या शिक्षिका, सोळा वर्षं नोकरी. नवरा एका रुग्णालयात लॅब टेक्निशियन. नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. कुर्ल्यातली त्यांची जुनी इमारत पुनर्विकासाला गेलेली, बिल्डर भाडं देणार, तीन वर्षं कुठेतरी काढायची. मूळचे खेड तालुक्यातले. एवढं सांगून मालक जरा थांबले आणि म्हणाले, "कोकणी मुसलमान आहेत. म्हणजे आपल्यासारखेच."

त्या 'म्हणजे'वर मी नंतर बराच विचार केला. तेव्हा नुसतं "बरं" म्हटलं.

आमच्याकडे येण्याआधी त्यांनी अकरा फ्लॅट पाहिले होते. खरं तर पाहिले चार. बाकीचे सात फोनवरच संपले. दलाल आडनाव विचारतो, मग म्हणतो, "मॅडम, मला काही प्रॉब्लेम नाही, सोसायटीचा इश्यू आहे." दलालांचे आपसात व्हॉट्सअॅप मेसेज फिरतात, त्यात 'एम चालणार नाही' एवढंच लिहिलेलं असतं. एका ठिकाणी टोकन दिल्यावर पैसे परत आले. मालकाच्या वहिनीला अचानक तीच जागा हवी होती. बाई हे सगळं हसत सांगतात. मुंबईत हा अनुभव काही नवा नाही. २००८ मध्ये शबाना आझमींनी जाहीर मुलाखतीत सांगितलं होतं की मुसलमान म्हणून आपल्याला या शहरात हवा तो फ्लॅट घेता आला नाही. खासदार राहिलेल्या, पद्मश्री मिळालेल्या अभिनेत्रीची ही कथा, तर अनुदानित शाळेतल्या शिक्षिकेनं हसून सोडण्यावाचून करायचं काय?

बैठक

मुंबईत २० मेला लोकसभेचं मतदान झालं आणि त्याच आठवड्याच्या शनिवारी आमची बैठक. बाई आणि त्यांचे यजमान आले. भाडेकरूंना असं बोलावून बघायची पद्धत कुठल्या नियमात नाही, पण आमच्याकडे आहे. याआधी एका नवविवाहित जोडप्याला आम्ही चहा देऊन पाच मिनिटांत मोकळं केलं होतं. ही बैठक पन्नास मिनिटं चालली.

बाईंच्या उजव्या हाताच्या दोन नखांवर निळसर-काळे डाग होते. मला वाटलं मेंदी. मग कळलं, त्या सोमवारी निवडणूक ड्यूटीवर होत्या. दिवसभर लोकांच्या बोटांना शाई लावत बसलेल्या, बाटली कलंडली आणि स्वतःचीही नखं रंगली. त्या दिवशी मुंबईत मतदान किती रखडलं होतं, उन्हात रांगा किती ताटकळल्या होत्या, हे सगळ्यांच्या लक्षात असेल. शेकडो माणसांची ओळखपत्रं तपासून, हा इथलाच मतदार आहे अशी खात्री करून घेणारी बाई पाचव्या दिवशी आमच्यासमोर स्वतःची फाइल घेऊन बसली होती.

त्या फाइलबद्दल सांगायलाच हवं. आम्ही मागितलं होतं आधार, पॅन, नोकरीचं पत्र आणि कराराचा मसुदा. त्यांनी आणली होती दोन बोटं जाड, प्लास्टिकच्या खणांची निळी फाइल. प्रत्येक खणावर पांढरं स्टिकर, त्यावर शिक्षकी अक्षरात मथळा: 'शाळा', 'रुग्णालय', 'कुर्ला घर', 'गाव'. 'गाव'च्या खणात सातबारा आणि ग्रामपंचायतीची घरपट्टी. सगळ्यात शेवटी सासऱ्यांची सीडीसी, म्हणजे बोटीवरच्या खलाशाची पुस्तिका, पानं पिवळी पडलेली. सासरे मालवाहू जहाजांवर होते. सासूबाईंच्या नावात आधारवर एक 'ह' जास्त होता, रेशनकार्डावर कमी. त्यासाठी नोटरीचं प्रतिज्ञापत्र वेगळं. भाड्याच्या घराला हे सगळं कशाला लागतं? बाई म्हणाल्या, "२०१९ च्या डिसेंबरात लावली फाइल. तेव्हापासून जिथे जाते तिथे सगळीच नेते." नागरिकत्व दुरुस्ती कायदा संसदेत मंजूर झाला तो हा महिना. १९ डिसेंबरला ऑगस्ट क्रांती मैदानावर त्याविरुद्ध मोठी सभा झाली. याच मैदानावरून १९४२ मध्ये 'चले जाव'ची हाक दिली गेली. इंग्रजीतले ते दोन शब्द सुचवणारे युसुफ मेहेरअली त्या वर्षी मुंबईचे महापौर होते, हे बैठकीत कुणाला आठवलं नाही. मलाही नाही. आणि आठवून तरी काय करायचं होतं, ते पुढे येईलच.

प्रश्न विचारले गेले ते असे. घरी काय बोलता, हिंदी? "कोकणी बोलतो, संगमेश्वरीच्या जवळची." मराठी फार छान बोलता हो तुम्ही! यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "पगार त्याचाच मिळतो." दोघं-तिघं हसले. खजिनदारांनी पाहुण्यांविषयी विचारलं, किती येतात. एकानं सुरक्षिततेचा विषय काढला आणि तो पुढे न नेता तसाच लोंबकळत ठेवला. खाण्यापिण्याचं मात्र कुणी काढलं नाही, कारण आमच्या जिन्यात दर रविवारी सुक्या बोंबलाचा वास दरवळतो आणि तो बहुतेक अध्यक्षांच्याच घरून येतो. गुजराती सोसायट्या ज्या कारणावरून मराठी माणसाला दारातून परत पाठवतात, ते कारण आमच्या कामाचं नव्हतं. दुसरं शोधावं लागत होतं आणि सापडत नव्हतं.

ती दोघं गेल्यावर अध्यक्ष म्हणाले, "माझं काही नाही. बाई सज्जन आहेत. पण बाकीचे मेंबर काय म्हणतील ते बघावं लागेल." सगळ्यांनी माना हलवल्या. ठरलं असं की पुढच्या मासिक सभेपर्यंत विषय ठेवावा. मी घरी येऊन लेटरहेडवर टाइप केलं: 'आपला अर्ज विचाराधीन असून पुढील सभेत योग्य तो निर्णय घेण्यात येईल.' खाली सही, शिक्का. पुढची सभा जूनच्या शेवटच्या शनिवारी. कुर्ल्याचं घर १० जूनला रिकामं करायचं होतं आणि शाळा १५ जूनला उघडणार होती. दोन्ही तारखा मला माहीत होत्या.

बाकीचे कोण?

या पत्रानं मला झोप लागली नाही असं काही झालं नाही. उगाच मोठेपणा घेत नाही. झालं ते वेगळंच. दोन दिवसांनी सोसायटीच्या ग्रुपवर जुनं पाण्याचं बिल शोधताना मी वर वर सरकत गेले आणि २०२३ च्या सप्टेंबरातले मेसेज लागले. त्या महिन्यात आमच्या मुलुंडमध्येच एका मराठी बाईंना, त्या मराठी आहेत म्हणून, ऑफिससाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ गाजला होता. ग्रुप पेटला होता. 'आमच्याच मुंबईत आम्हाला जागा नाही?' '१०६ हुतात्मे काय यासाठी गेले?' सगळ्यात जहाल मेसेज खजिनदारांचा होता. मी त्यांना तो परत पाठवला, वर काही न लिहिता. उत्तर आलं, "तो विषय वेगळा."

मग मी एक साधी गोष्ट केली. कमिटीच्या आठही जणांना एकेक करून फोन लावला आणि एकच विचारलं: तुमची स्वतःची हरकत आहे का? असेल तर लेखी द्या, मी सभेपुढे ठेवते.

आठपैकी आठ जणांनी सांगितलं, आपली हरकत नाही. सहा जण म्हणाले, बाकीच्यांची आहे. बाकीचे म्हणजे कोण, असं विचारलं की पहिला दुसऱ्याचं नाव घेई, दुसरा तिसऱ्याचं, आणि तिसरा पहिल्याचं. एका काकूंनी वरच्या मजल्यावरच्या आजोबांचं नाव घेतलं. आजोबांकडे गेले तर ते म्हणाले, "मला कोणी विचारलंच नाही. लिफ्ट कधी दुरुस्त करताय?"

हे प्रकरण मी लिहायला घेतलं ते या फोनांपायी. नकार देणारा माणूस आपण डोळ्यांपुढे आणतो तो कट्टर, तावातावानं बोलणारा. आमच्याकडे तसा एकही नव्हता. होती ती सभ्य माणसं, प्रत्येकानं आपल्या वाट्याचा नकार शेजाऱ्याच्या खिशात ठेवलेला. अशा नकाराशी भांडता येत नाही, कारण तो कोणाचाच नसतो. अकरा फ्लॅटांच्या वेळी बाईंना हाच भेटला होता. एकानंही तोंडावर 'नाही' म्हटलं नव्हतं.

प्यू रिसर्च सेंटरनं २०१९-२० मध्ये देशभर सुमारे ३०,००० लोकांच्या मुलाखती घेतल्या होत्या, अहवाल २०२१ मध्ये आला. त्यात ९५ टक्के मुसलमानांनी सांगितलं की भारतीय असल्याचा आपल्याला खूप अभिमान आहे. आणि ३६ टक्के हिंदूंनी सांगितलं की शेजारी मुसलमान नको. (उलट बाजूनंही आकडा आहे: हिंदू शेजारी नको म्हणणारे मुसलमान १६ टक्के.) मुसलमानांना हा देश आपला वाटतो का, असा प्रश्न आपण फार गंभीर चेहऱ्यानं विचारतो. त्याचं उत्तर कधीच मिळालेलं आहे. न मिळालेलं उत्तर जिन्यातलं आहे.

नियम काय म्हणतो

हा भाग थोडक्यात, कारण नियम खरंच थोडक्यात आहे. आम्ही सहकार खात्याचे आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली, स्वीकारलेले आहेत. त्यातल्या ४३ व्या उपविधीप्रमाणे सभासदाला फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. ताबा देण्याच्या आठ दिवस आधी कळवायचं. सोबत नोंदणी केलेल्या कराराची प्रत आणि पोलिसांना माहिती दिल्याची पोच. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. म्हणजे विचाराधीन ठेवायला आमच्यापुढे अर्जच नव्हता. मालकाची एक सूचना होती आणि तिची पोच देणं एवढंच माझं काम होतं. बैठक, चहा, पन्नास मिनिटं, निळी फाइल, हे सगळं आम्ही स्वतःला बहाल केलेले अधिकार.

आमच्यातल्या एका वकिलांनी पारशी सोसायटीचा दाखला दिला. तो खरा आहे. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये, फक्त पारशांनाच सभासद करण्याचा उपविधी चालू दिला. घटनेच्या १५ व्या कलमातली भेदभावाची बंदी सरकारला लागू, खासगी सोसायटीला ती तशी लागत नाही, असा त्यातला मुद्दा. पण तिथे तसा उपविधी लिहिलेला होता आणि नोंदवलेला होता. मी वकीलसाहेबांना म्हटलं, तुम्हालाही तसा हवा असेल तर ठराव मांडा, 'मुसलमान भाडेकरू नको' असं इतिवृत्तात लिहू, सूचक म्हणून तुमचं नाव घालू. ते म्हणाले, "छे छे, लेखी कशाला."

मग मी पत्र मागे घेतलं आणि मालकाला पोच दिली. अध्यक्ष चिडले नाहीत. उलट सुटल्यासारखे दिसले. निर्णय आता उपविधीनं घेतला होता. ८ जूनला टेम्पो आला. कपाट लिफ्टमध्ये मावेना तेव्हा खजिनदारांचा मुलगाच खाली धावला.

वकिली कशाची केलीत?

एवढ्यावर प्रकरण मिटलं असं मी धरून चालले होते. मग जुलैत बाई चहाला आल्या आणि मी जरा कौतुकाच्या अपेक्षेनंच सगळं सांगितलं. आठ फोन, त्यात मी काय काय बोलले. मी लोकांना सांगितलं होतं की हे कोकणी मुसलमान, पक्के मराठी. अंतुले रायगडचे, मुख्यमंत्री झाले. हमीद दलवाई चिपळूणचे, १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा ज्यांच्या आवाजानं हलायच्या ते शाहीर अमर शेख बार्शीचे. शिवाय बाई मराठी शिकवतात!

बाईंनी कप खाली ठेवला. "बोललात ते बरं केलंत, नाहीतर आम्ही अजून कुर्ल्यात सामान बांधूनच बसलो असतो. पण एक सांगू? आमच्या शाळेतला शिपाई आझमगढचा आहे. वीस वर्षं झाली, मुलगी इथेच बारावी झाली. त्याला घर हवं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं? त्याच्याकडे अमर शेख नाहीत."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही जे आहे ते अर्धंच आहे. मी बाईंसाठी नागरिक म्हणून काहीच मागितलं नव्हतं. अपवाद म्हणून मागितलं होतं. दाखला जितका वजनदार, तितकं हे उघड होत होतं की दाखल्याशिवाय दार उघडणार नव्हतं. समोरच्या फ्लॅटमधल्या कुलकर्ण्यांना भाड्यानं राहताना कोणी ज्ञानेश्वर विचारले नव्हते. पुण्याच्या मालकाचं 'म्हणजे आपल्यासारखेच' आणि माझे आठ फोन यांत फरक होता तो लांबीचा.

मुंबई आणि उपनगर मिळून २०११ च्या जनगणनेत दर पाच माणसांमागे एक मुसलमान होता. त्यात कोकणी आहेत, मेमन, बोहरा, खोजे आहेत, उत्तर प्रदेश-बिहारचे आहेत, मराठवाड्यातून आलेले आहेत. एकाची भाषा दुसऱ्याला कळेलच असं नाही. हे सगळे दलालाच्या मेसेजमध्ये एका अक्षरात मावतात. ते वेगवेगळे राहायचे ते जवळ कसे आले, हे सासूबाईंना विचारावं. त्या आधी घाटकोपरला मिश्र चाळीत राहायच्या. १९९३ च्या जानेवारीत ट्रंक आणि दोन मुलं घेऊन कुर्ल्याला भावाकडे आल्या, चार दिवसांसाठी म्हणून. त्या डिसेंबर-जानेवारीच्या दंगलीत ९०० माणसं गेली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात त्यांतले ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू असे आकडे आहेत. ठाण्याजवळचं मुस्लिमबहुल मुंब्रा फुगलं ते त्यानंतर. देशातल्या मुसलमानांच्या परिस्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीनं २००६ मध्ये लिहिलं की मुसलमानांना हव्या त्या वस्तीत घर मिळत नाही आणि सुरक्षिततेपायी ते एकाच जागी गोळा होतात. मग आपणच म्हणतो, बघा, हे लोक आपापल्यातच राहतात.

मी सासूबाईंना विचारलं, घाटकोपरला परत का नाही गेलात? त्या म्हणाल्या, "शेजारीण बोलवायला आली होती. चांगली होती. पण ती म्हणाली, आता तुम्हाला कोणी काही करणार नाही. मला वाटलं, 'आता' कशाला म्हणाली?"

त्यानंतर

घरात राहायला मिळालं म्हणजे रुळलात असं नसतं, हे हळूहळू दिसत गेलं. दारावर नावाची पाटी चार महिने लागली नाही. चप्पल-स्टँड त्यांनी आतच ठेवला, बाकी सगळ्या मजल्यांवर बाहेर असतात. पुढच्या वर्षी बकरी ईदच्या तीन आठवडे आधी बाईंनी मला न विचारता सांगून टाकलं की कुर्बानी गावी असते, आम्ही खेडला जातो. आमच्यापैकी कोणी गणपतीला गावी जातो तेव्हा सचिवाला कळवत नाही. लेकीनं एकदा वर्गातल्या मैत्रिणींना वाढदिवसाला बोलावलं, तर आईनं आधी यादी करून वॉचमनकडे दिली. पाहुण्यांचा प्रश्न खजिनदार केव्हाच विसरले असतील, बाई विसरल्या नव्हत्या.

पाटी लागली ती सासूबाईंमुळे. पोस्टमन दोनदा मनीऑर्डरीचा कागद घेऊन परत गेला म्हणून त्या चिडल्या आणि मुलाला म्हणाल्या, आज लाव. देवनागरीत आहे. आमच्या मजल्यावरच्या तीन पाट्यांपैकी दोन इंग्रजीत आहेत, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

अध्यक्ष आता त्यांच्याकडे नातवाला मराठी व्याकरणासाठी पाठवतात. लिफ्टमध्ये भेटले की म्हणतात, "तुम्ही काय, आपल्यातल्याच." बाई हसतात. मी एकदा विचारलं, खटकत नाही? "खटकतं. पण नातू प्रयोग ओळखण्यात फार कच्चा आहे, त्याला सोडवत नाही."

करार ११ महिन्यांचा, म्हणून २०२५ च्या मे महिन्यात नव्यानं नोंदला गेला. या वेळी कमिटीत विषयसुद्धा गेला नाही. मी बाईंना सांगून ठेवलं होतं: नव्या कराराची प्रत आणि पोलिसांकडची पोच, दोनच कागद द्या, दारात दिलेत तरी चालेल. त्या आल्या त्या निळी फाइल घेऊनच. म्हटलं, अहो, एवढं कशाला? "असू दे, सवय झाली."

दोन कागद काढून देताना फाइल माझ्या टेबलावर उघडी राहिली. 'गाव'च्या पुढे एक नवा खण होता, स्टिकरवर 'मुलुंड'. आत मी दिलेली पोच, आणि तिच्यामागे माझ्याच सहीचं ते मागे घेतलेलं पत्र, विचाराधीन असल्याचं. मी म्हटलं, हे तरी फाडून टाका आता.

"नको," त्या म्हणाल्या, "त्यावर आमचा फ्लॅट नंबर आहे आणि सोसायटीचा गोल शिक्का आहे." आणि फाइलचं बटण लावलं.